पेन्सिलीने लिहिलेला आकडा

पत्राचा सारांश, नाव-गाव वगळून:

या वाचक छापाचित्रकार आहेत. लिनोकट आणि वुडकट करतात, म्हणजे लिनोलियमच्या किंवा लाकडाच्या ठशावर (ब्लॉकवर) चित्र कोरून, शाई लावून ते कागदावर छापतात. ८ वर्षं त्या हस्तकला बाजारांत स्टॉल लावत आल्या आहेत आणि घरखर्चातला मोठा वाटा त्यातूनच निघतो. स्टॉलवर धाकटी बहीण मदतीला असते. आता ४ महिन्यांनी एका गॅलरीत त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन आहे. त्यासाठी मोठ्या आकाराचे १२ ब्लॉक कोरून झाले आहेत. त्यांतलं एकही चित्र स्टॉलवर कुणी मागितलेलं नव्हतं, असं त्या लिहितात. प्रत्येकाच्या ३० प्रती काढायचं ठरलं आहे, पण छपाईला अजून सुरुवात झालेली नाही. मधल्या काळात दोन बाजार आहेत, एक दीड महिन्यावर आणि दुसरा प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात. गॅलरीचालकांनी सुचवलं, की आता स्टॉल बंद करा, बाजारात दिसणाऱ्या कलाकाराची किंमत उतरते. त्या लिहितात, ‘भिंतीवर मी कलाकार आणि टेबलामागे दुकानदार. दोन्हीकडे मला खोटं वाटतं.’ ‘हे छापील आहे ना, मग मूळ चित्र कुठे आहे?’ या प्रश्नाने त्या थकल्या आहेत. प्रदर्शनातल्या चित्रांच्या लहान डिजिटल प्रती काढून स्टॉलवर ठेवाव्यात का, असंही त्यांना वाटतं. शेवटी ताजा कलम आहे: तारेवर बसलेल्या पक्ष्यांचं त्यांचं एक लिनोकट ३० प्रतींचं होतं. सगळ्या विकल्या गेल्या, लोक अजून मागतात आणि ब्लॉक फळीवर शाबूत आहे. वेगळ्या कागदावर आणखी २० प्रती काढून त्यांवर ‘ए.पी.’ लिहिलं तर चालेल का?

उत्तर:

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा माझं मन ताज्या कलमापाशीच अडकलं. बाकी पत्र तुम्ही बाजार की गॅलरी या प्रश्नावर लिहिलंय. पण तुमच्या कामाची किंमत खरोखर कशाने उतरू शकते, ते त्या शेवटच्या चार ओळींत आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

प्रतीखाली डाव्या बाजूला आपण पेन्सिलीने ७/३०, म्हणजे ३० प्रतींतली सातवी, असं लिहितो, तेव्हा नेमकं काय लिहितो? ही सवय फार जुनी नाही. शतकानुशतकं छापाचित्रं निघत होती आणि त्यांवर आकडे नव्हते. डच चित्रकार रेम्ब्रांट १६६९ मध्ये गेला, त्यानंतरही त्याच्या तांब्याच्या प्लेट्स दुसऱ्यांच्या हातात फिरत राहिल्या आणि त्यांवरून प्रती निघत राहिल्या. जपानी चित्रकार होकुसाईचं ते समुद्राच्या लाटेचं प्रसिद्ध छापाचित्र, ती लाट साधारण १८३१ सालची. तिच्या प्रती हजारोंनी निघाल्या. लाकडी ठसे झिजेपर्यंत छपाई चालली आणि उशिराच्या प्रतींत रेषा तुटक दिसतात. मोजक्या प्रती काढायच्या, त्यांवर सही करायची, आकडा घालायचा, ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळायला लागली. म्हणजे आकडा घालायलाच हवा असं कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही तो घातलात, स्वतःहून.

आता जरा ड्रायपॉइंटचं बघा. सुईने तांब्यावर ओरखडलं, की रेघेच्या कडेला धातूची बारीक कोर उभी राहते. तिच्यात शाई अडकते, म्हणून ड्रायपॉइंटची रेघ मखमली दिसते. पण प्रेसच्या दाबाखाली ती कोर चेपत जाते आणि थोड्याच प्रतींनंतर रेघ कोरडी पडते. तिथे ‘इतक्याच प्रती’ हे धातूच ठरवतो. लिनोचं तसं नाही. नीट वापरलेला लिनोचा ब्लॉक ३० काय, शेकडो प्रती देतो. तुमच्या पक्ष्यांच्या ब्लॉकला ३० वर थांबायचं काहीही कारण नव्हतं. त्याला फक्त तुमच्या शब्दाने थांबवलं होतं. म्हणून लिनोकटखालचा आकडा मला ड्रायपॉइंटच्या आकड्याहून जास्त जोखमीचा वाटतो. त्याच्या पाठीशी दुसरं कुणी उभं नाही.

३० जणांनी तो शब्द विकत घेतलाय. त्यातल्या बऱ्याच जणांना आकड्याचं काही पडलेलंही नसेल, हे खरं. पण कुणाला पडलंय आणि कुणाला नाही, हे तुम्हाला कसं कळणार?

‘ए.पी.’ म्हणजे आर्टिस्ट प्रूफ, कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या प्रती. त्या मूळ छपाईबरोबरच निघतात, साधारण एकूण प्रतींच्या दहाव्या हिश्श्याइतक्या. ३० च्या आवृत्तीला ३, फार तर ४. आवृत्ती संपल्यावर, मागणी बघून काढलेल्या २० प्रतींवर ‘ए.पी.’ लिहिणं खोटं आहे. वेगळा कागद वापरल्याने ते खरं होत नाही. तुम्ही हे गैर हेतूने विचारलेलं नाही, ते मला दिसतंय. लोक मागतात आणि ब्लॉक समोर पडलेला दिसतो, तेव्हा मनात हे येणारच. काही जण ‘दुसरी आवृत्ती’ असं उघड लिहून पुन्हा छापतात. ते लपवणं नाही, पण तुम्ही स्टॉलवर आठ वर्षं ‘३० च काढल्यात’ असं तोंडाने सांगत आला असाल, तर तेही करू नये असं माझं मत आहे.

मग त्या मागणाऱ्यांना काय द्यायचं? त्याच विषयावर नवा ब्लॉक कोरा. तोच पक्षी, तीच तार, पण आजचा तुमचा हात. आठ वर्षांत तुमची रेघ बदललेली असणार आणि ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे त्यांनाही ती बघायला आवडेल. या वेळी सुरुवातीलाच ठरवा, की हे चित्र खुल्या आवृत्तीचं. खाली आकडा घालायचा नाही, फक्त नाव आणि सही, आणि किंमत त्या हिशेबाने कमी. खुली आवृत्ती हा हलक्या दर्जाचा मार्ग नाही. आपण किती छापणार ते आपल्याला ठाऊक नाही, एवढंच ती प्रामाणिकपणे सांगते. बाजारातल्या लहान चित्रांसाठी मला तीच जास्त योग्य वाटते.

या मोहातून कायमचं सुटायचं असेल तर रिडक्शन लिनोकट करून बघा. एकाच ब्लॉकवर एक रंग छापायचा, पुन्हा कोरायचं, त्यावर पुढचा रंग. शेवटचा रंग लागेपर्यंत आधीचा ब्लॉक कोरून संपलेला असतो. पिकासोने १९५० च्या दशकाच्या अखेरीस या पद्धतीने बरंच काम केलं. यात मागे फिरायची सोयच नाही. पहिल्या रंगाला जितके कागद घेतले त्याहून एकही जास्त प्रत पुढे निघणार नाही, उलट रंगांची जुळणी चुकून काही कमीच होतील. पण प्रदर्शन तोंडावर असताना हे सुरू करू नका.

आता गॅलरीचालकांचं म्हणणं. बाजारात दिसल्याने कलाकाराची किंमत उतरते, हे गृहीत धरूनच तुम्ही प्रश्न विचारलाय. ते जरा तपासू या. छापाचित्र जन्मालाच आलं ते अनेक हातांत जाण्यासाठी. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर १५०५ ते १५०७ या काळात व्हेनिसमध्ये होता, तेव्हा त्याची पत्नी आग्नेस त्याची छापाचित्रं घेऊन फ्रँकफर्टच्या जत्रेत विकायला जात होती. पुढे १५२०-२१ मध्ये तो नेदरलँड्सच्या प्रवासाला निघाला, तेव्हा छापाचित्रांचे गठ्ठे बरोबर होते. कुणाला विकली, कुणाला भेट दिली, कशाच्या बदल्यात दिली, हे त्याने रोजनिशीत टिपून ठेवलंय. तो हिशेब आजही वाचता येतो. जत्रेत विकलेली तीच चित्रं आज संग्रहालयांत काळोख्या खोलीत, मंद उजेडात दाखवतात. तेव्हा तुम्ही टेबलामागे उभ्या राहता, ती जागा तुमच्या कलेच्या बाहेरची नाही.

तरी गॅलरीचालकांची भीती अगदी पोकळ नाही. फक्त त्यांनी ती चुकीच्या शब्दांत मांडली. त्यांना धसका असतो तो एकाच चित्राच्या दोन किमतींचा. कुणीतरी प्रदर्शनात चित्र घेतं आणि पुढच्या आठवड्यात तेच चित्र तुमच्या स्टॉलवर निम्म्या किमतीत बघतं. त्या माणसाला काय वाटेल? आणि गॅलरीचालक त्याला काय तोंड दाखवतील? हे टाळायचा मार्ग स्टॉल बंद करणं हा नाही. एका चित्राची किंमत सगळीकडे एकच ठेवायची, भिंतीवर, टेबलावर, तुमच्या घरी येऊन घेणाऱ्यालाही, ओळखीच्यालाही. फ्रेमचे पैसे वेगळे दाखवायचे, म्हणजे बिनफ्रेमच्या प्रतीची किंमत जिथेतिथे सारखी राहते.

इथे बरेच जण अडखळतात. गॅलरी कमिशन घेते, अनेक ठिकाणी विक्रीच्या निम्म्यापर्यंत. ‘स्टॉलवर कमिशन नाही, मग तिथे स्वस्त द्यायला काय हरकत आहे?’ असं मनात येतं. पण बाजाराच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभं कोण राहतं? टेबल, पुठ्ठे, दिवे कोण वाहतं? जागेचं भाडं कोण भरतं? गॅलरीचं काम त्या दिवशी तुम्ही आणि तुमची बहीण करता. तो कमिशनचा वाटा तुमच्या दोघींच्या कष्टाचा आहे. तो गिऱ्हाइकाला सोडून देऊ नका. बहिणीच्या मेहनतीचं मोल तुम्ही कुठे मांडता का, हेही एकदा बघा. पत्रात ते कुठे दिसलं नाही.

तेव्हा माझ्या मते दोन्हीकडचं काम वेगळं ठेवा. प्रदर्शनातले १२ ब्लॉक, मर्यादित आवृत्तीचे, फक्त गॅलरीत, ठरलेल्या मुदतीपर्यंत. स्टॉलवर लहान, खुल्या आवृत्तीचं काम आणि कार्डं. हे गॅलरीचालकांना लेखी कळवा आणि त्याच पत्रात बाकीच्या गोष्टीही विचारून घ्या. त्यांचा हक्क कोणत्या चित्रांवर आणि किती महिने? कमिशन फ्रेमच्या किमतीवरही लागणार का? वाहतुकीत काच फुटली तर खर्च कुणाचा? विकलेल्याचे पैसे किती दिवसांत मिळणार, न विकलेलं परत कधी आणि कोण पोचवणार? पहिल्या प्रदर्शनाच्या आनंदात हे विचारायला संकोच होतो. मी संकोच केला होता आणि माझी काही चित्रं परत यायला वर्ष गेलं. कोपरे दुमडलेले होते. विचारण्याने कुणी प्रदर्शन रद्द करत नाही, आणि कुणी केलंच, तर ते आत्ता कळलेलं बरं.

लहान डिजिटल प्रतींचं मला पटत नाही. त्या काढणं गैर नाही, ‘मूळ छापाचित्रावरून केलेली डिजिटल प्रत’ असं स्पष्ट लिहिलं तर त्यात फसवणूक नाही. पण तुमच्या टेबलावर हाताने छापलेलं आणि यंत्राने छापलेलं शेजारी-शेजारी आलं, की ‘हे छापील आहे ना?’ या प्रश्नाला तुमच्याकडे सरळ उत्तर उरत नाही. ‘हे हो, ते नाही,’ असं दर वेळी सांगत बसावं लागेल. त्यापेक्षा मोठ्या वुडकटमधला एखादा कोपरा घ्या, एखादं झाड, एखादी खिडकी, आणि त्यावरून तळहाताएवढा नवा ब्लॉक कोरा. तो स्वतंत्र चित्र होईल. ते घरी नेणाऱ्याला प्रदर्शनात मोठं चित्र बघताना ओळख पटेल.

‘मूळ चित्र कुठे आहे?’ या प्रश्नाने तुम्ही थकला आहात, हे मी समजू शकते. दिवसातून २० वेळा तेच ऐकलं की तो आपल्या कामाचा अपमान वाटायला लागतो. पण विचारणारा बहुतेक वेळा अपमान करत नसतो. त्याने आजवर छापील म्हणजे कॅलेंडर, पोस्टर, पाठ्यपुस्तक एवढंच पाहिलेलं असतं. एकदा बटण दाबलं की हवं तेवढं निघतं, अशी त्याची समजूत असते. त्याला छापाचित्रकलेवर व्याख्यान नको असतं. ब्लॉक हातात द्या. शाई वाळलेला, कोरलेला खरा ब्लॉक. माणूस आपोआप त्यावरून बोट फिरवतो, उलटी अक्षरं वाचायचा प्रयत्न करतो, मग तुमच्या प्रतीकडे बघतो आणि त्याचा त्यालाच उलगडा होतो. तोंडाने एवढंच म्हणा, ‘हा मी कोरला, याला शाई मी लावली, कागद मी घासला आणि उचलला. याच्या मागे वेगळं चित्र नाही. या प्रती हेच मूळ.’ जमलं तर टेबलाच्या एका टोकाला लहान ब्लॉक, रोलर आणि चमचा ठेवा. तासातून एकदा सगळ्यांसमोर एक प्रत काढा. चमच्याच्या पाठीने कागद घासत असताना लोक थांबतात, कागद उचलताना तर श्वास रोखून बघतात. किमतीवर घासाघीस करणारा माणूस ते बघितल्यावर सहसा पुन्हा करत नाही. छिन्न्या मात्र टेबलावर उघड्या ठेवू नका, लहान मुलांचे हात आधी तिकडेच जातात.

आता वेळेचं. मला खरी काळजी त्याचीच वाटतेय. १२ ब्लॉक गुणिले ३०, म्हणजे ३६० प्रती. मोठा ब्लॉक हाताने घासून दिवसाला ८ चांगल्या प्रती निघाल्या तरी तो माझ्यासाठी चांगला दिवस असतो. त्या वेगाने नुसत्या छपाईला ४५ दिवस, सुट्टी न घेता. वर वाळणं, माउंट (चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा), फ्रेम. तुमची झोप उडाली असेल तर नवल नाही.

पण ३६० प्रती प्रदर्शनाआधी छापून तयार हव्यात, हे कुणी सांगितलं? आवृत्ती ३० ची जाहीर करा आणि आता प्रत्येकाच्या ८ काढा. म्हणजे ९६ प्रती, १२ दिवसांचं काम. बाकीच्या मागणीप्रमाणे नंतर. बरेच छापाचित्रकार असंच करतात आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. अट एकच, वर्षभराने काढलेली २५ वी प्रत आजच्या तिसऱ्या प्रतीसारखीच दिसली पाहिजे. त्यासाठी प्रत्येक ब्लॉकची मनासारखी उतरलेली पहिली प्रत ‘बी.ए.टी.’ म्हणून बाजूला ठेवा. हे फ्रेंच शब्दांचं लघुरूप, अर्थ ‘याप्रमाणे छापा’. ती विकायची नाही. तिच्या मागे पेन्सिलीने सगळं टिपा: कोणती शाई, कुठल्या रंगात किती मिसळली, कागद कुठला, त्याची कुठली बाजू, कोरडा की ओलसर, जुळणीच्या खुणा कुठे. थोडी मिसळलेली शाई कागदावर पसरून नमुना म्हणून जोडा. आपल्याला सगळं आठवणार आहे असं त्या दिवशी वाटतं. सहा महिन्यांनी तो हिरवा कसा झाला होता, ते कुणालाच आठवत नाही. एखाद्या चित्राला प्रत्येक प्रतीत हाताने रंग भरत असाल तर ‘ई.व्ही.’ (बदलती आवृत्ती) लिहा, म्हणजे प्रतींत मुद्दाम फरक आहे हे घेणाऱ्याला कळेल.

तेलाची शाई वाळायला वेळ घेते. थर पातळ, हवा कोरडी असेल तर काही दिवस, जाड किंवा एकावर एक रंग असतील तर काही आठवडे. बोटाला कोरडी लागली म्हणजे वाळली असं नाही. माझ्या एका प्रदर्शनाआधी मी घाईने प्रती एकावर एक रचल्या, मध्ये पातळ कागदसुद्धा घातला नाही. चार दिवसांनी वरच्या प्रतीच्या पाठीवर खालच्या चित्राची काळी सावली उतरलेली होती. ११ प्रती गेल्या. त्या आठवणीने मला आजही वाईट वाटतं. म्हणून तारीख उलटी मोजा. चित्रं टांगायच्या दिवसापासून मागे फ्रेमवाल्याचे किमान दोन आठवडे, त्यामागे वाळण्याचे तीन-चार आठवडे, त्याच्या आधी छपाई संपलेली हवी. ४ महिन्यांतले छपाईला हातात अडीच-पावणेतीन महिनेच आहेत. १२ दिवसांच्या कामाला ते पुरेसे आहेत, ४५ दिवसांच्या कामाला ओढाताणीचे.

फ्रेम प्रत्येक चित्राच्या एकाच प्रतीला करा, शक्य तितक्या एकाच मापाच्या, म्हणजे पुढच्या प्रदर्शनातही त्या वापरता येतील. बाकी प्रती आम्लरहित कागदाच्या घडीत, फोल्डरमध्ये. माउंटला चिकटपट्टी किंवा स्प्रेचा गोंद अजिबात लावू देऊ नका. चिकटपट्टीचा पिवळा डाग काही वर्षांनी कागदातून वर येतो आणि जात नाही. जपानी कागदाच्या दोन लहान पट्ट्या, गव्हाच्या खळीने, फक्त वरच्या कडेला. हवेतल्या दमटपणाने कागद फुगतो-आखडतो, चारही बाजूंनी चिकटवला तर लाटा येतात. काच प्रतीला टेकता कामा नये, मध्ये माउंटची जाडी हवी. फ्रेमवाल्याला हे तोंडी सांगून भागत नाही, एक फ्रेम समोर बसून करून घ्या.

आणि १२ च्या १२ चित्रं भिंतीवर लागलीच पाहिजेत असंही नाही. दोन तुम्हाला मनातून कमी वाटत असतील. ती कोणती, तुम्हाला ठाऊक आहे.

बाजारांपैकी पहिला करा, दुसरा सोडा. हे मी कमाईचा विचार करूनच म्हणतेय. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात दोन दिवस उभं राहून, सामान वाहून, तुम्ही गॅलरीत पोचाल तेव्हा पाय आणि आवाज दोन्ही गेलेले असतील. आयोजकांना आजच कळवा. लवकर कळवलं तर भाड्यातलं काही परत मिळण्याची किंवा जागा दुसऱ्या कुणाबरोबर बदलून घेण्याची शक्यता राहते. मात्र त्या बाजारावाचून त्या महिन्याचा खर्चच भागणार नसेल, तर बहिणीला एकटीला, फक्त कार्डं आणि लहान चित्रं देऊन बसवता येईल का, ते तिला विचारा. ठरवायच्या आधी गेल्या दोन बाजारांचा खरा हिशेब कागदावर मांडा. भाडं, प्रवास, पुठ्ठे-पिशव्या, कागद-शाई वजा जाता काय उरलं, आणि दोघींचे तास धरले तर तासाला काय पडलं. तो आकडा अनेकांना चकित करतो, कधी वाईट अर्थाने, कधी चांगल्याही. पहिल्या बाजारात प्रत्येक पिशवीत प्रदर्शनाचं निमंत्रण घाला आणि टेबलावर नावं लिहायला वही ठेवा. तुमच्याकडून कार्ड नेलेला माणूस गॅलरीत येतो, तेव्हा तो अनोळखी नसतो.

बाजाराची एक खरी भीती आहे, ती तुम्हाला कुणी सांगितलेली नाही, म्हणून मी सांगते. पक्षी खपतात, म्हणून हात पक्ष्यांकडे वळतो. मग पुढचा ब्लॉक, त्यापुढचा ब्लॉक, आणि एक दिवस लक्षात येतं की आपण मागणी कोरतोय. गेल्या वर्षभरात तुम्ही कुणीही न मागितलेले किती ब्लॉक कोरलेत? तुमचं उत्तर ‘१२’ असणार. कारण प्रदर्शनातलं एकही चित्र कुणी स्टॉलवर मागितलेलं नव्हतं, असं तुम्ही स्वतःच लिहिलंय. ज्या बाईने बाजारातल्या कमाईवर स्वतःला इतका वेळ मिळवून दिला, की न मागितलेले १२ मोठे ब्लॉक कोरता आले, तिला टेबलामागे खोटं का वाटावं? ते टेबल नसतं, तर हे ब्लॉक कशावर उभे राहिले असते? तरी सावध राहा. पुढच्या वर्षी हा आकडा १२ वरून २ वर आला, तर बाजार कमी करायची वेळ आली असं समजा.

फळीवरच्या त्या पक्ष्यांच्या ब्लॉकचं काय करायचं? त्यावर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ खोल कोरा. मग शाई लावून साध्या कागदावर एकच प्रत काढा, आरपार रेघ असलेली, आणि ती तुमच्या नोंदवहीत त्या ३० प्रतींच्या नोंदीसमोर चिकटवा. आवृत्ती संपल्याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. नोंदवही नसेल तर आजपासून करा: चित्राचं नाव, साल, एकूण प्रती, कोणत्या क्रमांकाची प्रत कुणाकडे, किती किमतीला. त्यानंतर तो ब्लॉक स्टॉलवर न्या. हातात द्यायला तुम्हाला एक ब्लॉक हवाच आहे, आणि ‘ही रेघ कशाची?’ असं कुणी विचारलं की आकड्याचा अर्थ समजावून सांगायला वेगळे शब्द शोधावे लागणार नाहीत.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशीही तो गॅलरीत असू द्या, एखाद्या लहान टेबलावर, एका कोऱ्या ब्लॉकबरोबर. आणि बहिणीला तिथे उभं करा. अनोळखी माणसाच्या हातात ब्लॉक कसा द्यायचा आणि मग गप्प कसं राहायचं, हे आठ वर्षांत तिला तुमच्यापेक्षाही चांगलं जमायला लागलं असेल.